पिवळा धोत्रा : एका परदेशी तणाचा भारतीय इतिहास

अमेरिका खंडातून भारतात आलेल्या वनस्पतींचा विषय निघाला की मिरची, बटाटा, तंबाखू, काजू, अननस, पेरू ही यादी लगेच पुढे येते. ही सगळी पिके आहेत. त्यांना बाजारभाव होता, त्यांच्यावर कर बसत होता, दरबारात त्यांची चर्चा होत होती. म्हणून त्यांच्या नोंदी राहिल्या. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू आणून १६०४ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली, तेव्हा काय बोलणे झाले ते त्याने लिहून ठेवले आहे. दरबारी हकिमाचा आक्षेप साधा होता: ही वस्तू आजमावलेली नाही आणि आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत तिच्याबद्दल काही लिहिलेले नाही. हा आक्षेप ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

तणाला असा दरबार मिळत नाही. जहाजातल्या मालाच्या यादीत तणाचे बी कोणी लिहीत नाही. त्यामुळे तणाचा इतिहास लिहिताना आडवाटेची साधने वापरावी लागतात: लोकांनी दिलेली नावे, वनस्पतिशास्त्रज्ञांची वर्णने, वैद्यकग्रंथांतील श्लोकांचे अर्थ, उत्खननातील जळकी बियाणी आणि रुग्णालयांचे अहवाल. पिवळा धोत्रा या वनस्पतीच्या बाबतीत ही पाचही साधने उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

वनस्पतीची ओळख

शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. कुल पॅपॅव्हरेसी, म्हणजे अफूचे. वर्षभर जगणारे, साधारण दोन-तीन फूट उंचीचे काटेरी झुडूप. पाने देठाविना खोडाला बिलगलेली, कडेला काटे, शिरांच्या बाजूने निळसर पांढरे पट्टे. फूल चकचकीत पिवळे, पातळ पाकळ्यांचे, खसखशीच्या फुलाची आठवण करून देणारे. पान किंवा खोड मोडले की पिवळा चीक येतो. फळ काटेरी बोंड. ते पिकले की टोकाशी उकलते आणि त्यातून काही शे काळ्या, गोल, बारीक बिया सांडतात. या बिया पाहताक्षणी मोहरीसारख्या वाटतात. बी तळहातावर घेऊन नीट पाहिल्यास तिच्यावर जाळीदार खुणा आणि एका बाजूला उंचवटा दिसतो, मोहरी मात्र गुळगुळीत असते. पण पोत्यातले धान्य कोणी एकेक दाणा पाहून घेत नाही.

खऱ्या धोत्र्याशी या झाडाचे काही नाते नाही. धोत्रा हा वांगी-बटाट्याच्या कुलातला. बोंडावरचे काटे सारखे दिसले म्हणून नाव सारखे पडले, एवढेच.

नावांची साक्ष

नवीन वस्तूला नाव देताना समाज बहुधा जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव घेतो आणि त्यापुढे एक विशेषण जोडतो. मराठीत विलायती चिंच आहे, विलायती बाभूळ आहे. पिवळ्या धोत्र्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात फिरंगी धोत्रा असेही म्हणतात. काटे धोत्रा हे आणखी एक नाव. हिंदीत पीला धतूरा आणि फिरंगी धतूरा. कन्नडमध्ये अरिशिन उम्मत्त, म्हणजे हळदीच्या रंगाचा धोत्रा. या नावांची घडण एकच आहे. धोत्रा हे आधीपासून घरचे झाड. हे त्याच्यासारखे दिसणारे, पण पिवळे किंवा परके. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना ही वनस्पती नवी वाटली होती, असे या नावांवरून म्हणता येते.

दुसऱ्या प्रकारची नावे तिच्या वागण्यावरून पडली. हिंदीतले सत्यानाशी हे त्यातले सर्वांत बोलके. बंगालीत शियालकाँटा, म्हणजे कोल्ह्याचा काटा. ही शेतकऱ्याने आणि गुराख्याने दिलेली नावे आहेत आणि त्यांत कौतुकाचा लवलेश नाही.

तिसरा प्रकार मात्र वेगळा. तमिळ आणि तेलुगूत ब्रह्मदंडू, ब्रह्मदंडी. संस्कृतात स्वर्णक्षीरी, कटुपर्णी. ही नावे ऐकली की झाड पुरातन असावे असे वाटते. वादाचे मूळ येथे आहे.

मेक्सिको ते युरोप

मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत या वनस्पतीचे नाव चिकालोत्ल. स्पॅनिश लोकांनी त्याचे चिकालोते केले आणि ते आजही तेथे चालते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने फ्रान्सिस्को हर्नांदेझ या वैद्याला नव्या प्रदेशातील वनस्पतींचा अभ्यास करण्यासाठी पाठवले. १५७० ते १५७७ या काळात त्याने स्थानिक वैद्यांकडून माहिती घेऊन जो प्रचंड संग्रह केला, त्यात चिकालोत्लही आहे. तेथील लोक तिचा चीक डोळ्यांच्या तक्रारींवर वापरत.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती युरोपातील बागांत पोहोचली होती. स्पॅनिश लोकांनी काटेरी बोंडाला ‘नरकातले अंजीर’ म्हटले, आणि हे नाव इंग्रज वनस्पतिकार जॉन जेरार्ड याच्या १५९७ च्या ग्रंथातही आले. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पार बाउहिन याने १६२३ मध्ये तिला काटेरी खसखस अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. शेवटी लिनियसने १७५३ मध्ये आर्जेमोन मेक्सिकाना हे नाव पक्के केले. त्यातला आर्जेमोन हा शब्द प्राचीन ग्रीक वैद्यकातला आहे. अर्जेमा म्हणजे डोळ्यातला पांढरा डाग, आपण ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतो तो. आणि त्यावर उपाय म्हणून सांगितलेली खसखशीसारखी वनस्पती ती आर्जेमोन. ग्रीक वैद्यांची वनस्पती अर्थातच भूमध्य समुद्राकाठची होती. लिनियसने तिचे जुने नाव अमेरिकेतल्या नव्या वनस्पतीला दिले.

येथे एक क्षण थांबावे. युरोपातही जुन्या ग्रंथातले प्रतिष्ठित नाव नव्या झाडाला मिळाले. फरक एवढाच की लिनियसने पुढे ‘मेक्सिकाना’ हे विशेषण लावले, त्यामुळे कोणाची फसगत झाली नाही. भारतात मात्र जे जुने नाव मिळाले त्याला असे विशेषण लागले नाही.

स्वर्णक्षीरीचा प्रश्न

चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत स्वर्णक्षीरी किंवा हेमक्षीरी अशा नावाची वनस्पती येते. शब्दाचा अर्थ सोन्यासारखा पिवळा चीक असलेली. या संहिता कोलंबसाच्या जन्मापूर्वी हजारभर वर्षे तरी जुन्या आहेत. मग ही स्वर्णक्षीरी कोणती?

सोळाव्या शतकातील भावमिश्राचा भावप्रकाश हा ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा. त्यात स्वर्णक्षीरीचे पर्याय म्हणून हैमवती किंवा हिमावती अशी नावे येतात आणि तिच्या मुळाला चोक म्हणतात असे सांगितले आहे. हैमवती हे नाव हिमालयाकडे बोट दाखवते. औषधाचा उपयुक्त भाग मूळ, आणि ते डोंगराळ प्रदेशातून बाजारात येणारे द्रव्य. उकिरड्यावर आणि गावकुसाबाहेर माजणाऱ्या झाडाचे हे वर्णन वाटत नाही. गंमत अशी की भावमिश्र नव्या गोष्टींबाबत डोळे मिटून बसलेला लेखक नव्हता. फिरंगी लोकांबरोबर आलेल्या रोगाला फिरंग रोग असे नाव देऊन त्याचे वर्णन आणि त्यावर चोपचिनीचा उपाय त्याने दिला आहे. परक्या रोगाला परके म्हणणारा हा वैद्य परक्या झाडाला हैमवती म्हणेल, हे मला पटत नाही.

आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी मूळ स्वर्णक्षीरी म्हणून हिमालयात वाढणाऱ्या यूफोर्बिया थॉमसोनियाना या शेराच्या कुलातील वनस्पतीचे नाव सुचवले आहे. इतर पर्यायही मांडले गेले आहेत. पण अमेरिकेतले झाड चरकाच्या काळी येथे असू शकत नाही, या मुद्द्यावर वनस्पतिशास्त्राच्या बाजूने फारसा मतभेद नाही. जोसेफ हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १८७२ च्या पहिल्या खंडात ती बाहेरून येऊन येथे रुजलेली वनस्पती म्हणूनच येते. मुंबईत काम केलेले विल्यम डायमॉक आणि त्यांचे सहकारी वॉर्डन व हूपर यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांनाही या झाडाचे अमेरिकी मूळ माहीत होते.

तरीही पुढच्या काळातील अनेक निघंटूंत आणि औषधी कोशांत स्वर्णक्षीरी म्हणजे पिवळा धोत्रा हे समीकरण बसले. ते का बसले याची कारणे समजण्यासारखी आहेत. हिमालयातले मूळ दुर्मीळ आणि महाग. मैदानात मात्र पिवळ्या चिकाचे एक झाड फुकट मिळते. आयुर्वेदात प्रतिनिधी द्रव्याची, म्हणजे एक औषध न मिळाल्यास दुसरे वापरण्याची पद्धत मान्यच आहे. काही पिढ्यांत प्रतिनिधी हाच धनी झाला. यात कोणी कोणाला फसवले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु परिणाम गंभीर आहे. संहितेत स्वर्णक्षीरीला जे गुण सांगितले, ते शेकडो वर्षांच्या वापरातून आले असतील; ते सारे गुण आणि त्याबरोबर येणारा विश्वास एका वेगळ्याच झाडाच्या खात्यावर जमा झाला. तंबाखूला हकिमाने जो प्रश्न विचारला होता, तो पिवळ्या धोत्र्याला कोणी विचारला नाही, कारण त्याच्याकडे ग्रंथाचा दाखला होता. दाखला दुसऱ्याचा होता.

उत्खननातील बिया

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. पूर्व उत्तर प्रदेशात घाघरा नदीच्या काठी नरहन हे स्थळ आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वतीने पुरुषोत्तम सिंह यांनी १९८० च्या दशकात तेथे उत्खनन केले. तेथील वनस्पती-अवशेषांचा अभ्यास करणाऱ्यांनी इसवी सनापूर्वीच्या थरांतून आर्जेमोनच्या जळक्या बिया नोंदवल्या. यावरून काही लेखकांनी असा तर्क केला की कोलंबसापूर्वीच भारत आणि अमेरिका यांच्यात समुद्रमार्गे संपर्क होता.

असाच वाद सीताफळाबद्दलही आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना एकोणिसाव्या शतकात भारहूतच्या शिल्पांत सीताफळ दिसले, तर इतरांना त्याच शिल्पांत दुसरे फळ दिसले. सीता आणि राम यांची नावे फळांना आहेत म्हणून ती पुराणकाळापासून येथे असलीच पाहिजेत, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. नाव जुने असले म्हणजे वस्तू जुनी, असे मानण्याची ही सवय स्वर्णक्षीरीच्या प्रश्नातही दिसते.

नरहनच्या पुराव्याचे मोल ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बी दोन मिलिमीटरच्या आतबाहेरची आहे. मुंग्या, उंदीर, झाडांची मुळे आणि नांगर यांच्यामुळे इतके बारीक बी वरच्या थरातून खाली जाणे सहज शक्य असते, आणि पिवळा धोत्रा तर गंगेच्या मैदानातील उजाड टेकाडांवर भरपूर वाढतो. दुसरी, थराचे वय आणि बियांचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय करायचा तर त्या बियांचेच रेडिओकार्बन मापन हवे. तिसरी मला सर्वांत वजनदार वाटते. ही वनस्पती जर तीन हजार वर्षे गंगेच्या खोऱ्यात असती, तर ती गुपचूप राहिली नसती. तिचा स्वभाव तसा नाही. मोहरीच्या तेलातून होणारी विषबाधा, जिच्याविषयी पुढे येणार आहे, ती प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटणे कठीण होते. माझ्या मते नरहनच्या बियांवर महासागर ओलांडण्याइतका पूल बांधता येत नाही.

आगमनाचे आणि पसरण्याचे दिवस

मेक्सिकोतून भारताकडे येणाऱ्या वाटा सोळाव्या शतकापासून खुल्या होत्या. अटलांटिक ओलांडून लिस्बन आणि तेथून आफ्रिकेला वळसा घालून गोवा ही एक. १५६५ पासून सुरू झालेली आकापुल्को ते मनिला ही स्पॅनिश जहाजांची फेरी, आणि मनिलाहून पुढे आशियाई व्यापार, ही दुसरी. बी धान्याच्या पोत्यात, गुरांच्या चाऱ्यात किंवा जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेल्या मातीत येऊ शकते. फिरंगी हे विशेषण पहिल्या वाटेकडे झुकते, पण ते विशेषण कुठल्याही परक्या वस्तूला लागत असे, म्हणून त्यावर फार भार टाकू नये.

आपल्या जवळचे एक उदाहरण या बाबतीत सावध करणारे आहे. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर पुण्यात आले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असते. पुण्यातली नोंद खरी आहे. पण त्याच वनस्पतीचे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही आढळते. एखादे तण प्रथम कधी आले आणि ते लोकांना प्रथम कधी टोचले, या तारखा बऱ्याचदा वेगळ्या निघतात.

पिवळ्या धोत्र्याला हवी असते उकरलेली, चरलेली, पडीक जमीन. काट्यांमुळे आणि कडू चिकामुळे जनावरे त्याला तोंड लावत नाहीत. आजूबाजूचे गवत संपले की हेच उभे राहते. नदीकाठची गाळाची जमीन, कालव्यांचे बांध, रस्त्यांचे भराव, रेल्वेच्या कडा ही त्याची आवडती ठिकाणे. अशा जागा एकोणिसाव्या शतकात एकाएकी वाढल्या. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये गंगेचा कालवा वाहू लागला, आणि पुढच्या तीस वर्षांत देशभर मातीचे भराव पडले. उत्तर भारतात हे झाड रब्बीच्या हंगामात वाढते, म्हणजे ज्या शेतात मोहरी असते त्याच शेतात, त्याच महिन्यांत. बियांत तेलही बऱ्यापैकी असते. ते दिव्यात जाळण्यासाठी वापरले जाई. खाण्यासाठी ते कोणी वापरत नव्हते. निदान जाणूनबुजून नव्हते.

कलकत्त्याची सूज

१८७७ मध्ये कलकत्त्यात एक नवा आजार दिसू लागला. आधी जुलाब आणि उलट्या, मग दोन्ही पायांवर सूज, कातडीवर लाली, धाप, आणि काहींना हृदय थकून मृत्यू. एका घरात एकाच चुलीवर जेवणारी बहुतेक माणसे आजारी पडत. अंगावर पिणारी तान्ही मुले बहुधा वाचत. डॉक्टरांनी त्याला एपिडेमिक ड्रॉप्सी, म्हणजे साथीने येणारी सूज, असे नाव दिले. १८७८-७९ मध्ये मॉरिशसमधील भारतीय मजुरांत तोच आजार दिसला, तेव्हा तो जहाजातून पसरलेला संसर्ग असावा असे वाटणे साहजिक होते. जंतूंच्या शोधांचा तो काळ होता.

पुढची साठ वर्षे कारणाचा शोध चुकीच्या वाटांनी चालला. कोणी संसर्ग म्हटले, कोणी बेरीबेरीचाच प्रकार म्हटले. १९२० च्या दशकात कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील ॲक्टन आणि रामनाथ चोप्रा यांनी साठवणीत बिघडलेल्या तांदळावर संशय घेतला. बंगाली माणूस भात खातो, आजार बंगाल्यांना होतो, हे अनुमान वरवर पाहता सयुक्तिक होते. पण बंगाली माणूस मोहरीचे तेलही खातो. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये कटाकार तेलाच्या, म्हणजे पिवळ्या धोत्र्याच्या तेलाच्या, विषबाधेवर एक छोटा लेख लिहिला. उत्तर त्यात होते. ते सर्वमान्य व्हायला आणखी दहा-बारा वर्षे गेली.

१९३७ मध्ये आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय यांनी साथींचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्या घरात आजार झाला, त्या घरात तेल कुठून येत होते, शेजारचे घर का वाचले, अशा प्रश्नांतून त्यांनी बोट तेलावर ठेवले. १९३९ मध्ये चोप्रा, लाल आणि सहकाऱ्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना हे तेल देऊन आजाराची लक्षणे निर्माण होतात हे दाखवले. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: तांदळाचा सिद्धांत मांडणाऱ्यांतलेच चोप्रा तो मागे टाकणाऱ्या प्रयोगात अग्रभागी होते.

१९४८ मध्ये एस. एन. सरकार यांनी तेलातून सँग्विनारिन हे विषारी अल्कलॉइड वेगळे केल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. या द्रव्याने केशवाहिन्या फैलावतात, त्यांतून द्रव बाहेर पाझरतो आणि सूज येते. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, काहींची दृष्टी कायमची जाते. मेक्सिकोत या झाडाचा चीक डोळ्यांवर औषध होता, ग्रीक नावात डोळ्याचा रोग होता, आणि बंगालमध्ये त्याच झाडाच्या बियांच्या तेलाने डोळे गेले.

तेलात एक टक्का भेसळसुद्धा आजारासाठी पुरेशी होते, आणि रोजच्या स्वयंपाकात तेल तापवल्याने विष जात नाही. नेहमीचा प्रश्न असा की ही भेसळ अपघाताने होते की हेतुपुरस्सर. शेतात दोन्ही झाडे शेजारी उभी असतात, त्यामुळे मळणीत थोडे बी मिसळणे शक्य आहे. पण मोहरी साधारण मार्चमध्ये निघते आणि धोत्र्याची बोंडे त्यानंतर, एप्रिल-मेपर्यंत पिकतात. हंगामातले हे अंतर पाहता मोठ्या साथींमागे केवळ अपघात असावा असे वाटत नाही. बी वेगळे गोळा करून मोहरीत घालणारे हात कोठेतरी असलेच पाहिजेत. महाराष्ट्रात घराघरांत शेंगदाणा, करडई, तीळ ही तेले चालत आली, त्यामुळे येथे ही साथ तुलनेने क्वचित दिसली. झाड मात्र विदर्भापासून कोकणापर्यंत सगळीकडे आहे.

दिल्ली, १९९८

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत सुजलेल्या पायांचे रुग्ण येऊ लागले. काही आठवड्यांत तीन हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि साठहून अधिक मरण पावले. कारण शोधायला या वेळी साठ वर्षे लागली नाहीत. तेलात नत्राम्ल टाकले की नारिंगी-तांबडा रंग येतो ही सोपी चाचणी तोवर प्रत्येक अन्नप्रयोगशाळेला माहीत होती. अगदी अल्प प्रमाण पकडणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीही होत्या. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून अस्तित्वात होता. ज्ञान होते, कायदा होता, तरीही माणसे मेली. ही साथ वैद्यकाच्या इतिहासात घालण्यापेक्षा शासनव्यवहाराच्या इतिहासात घातली पाहिजे.

सरकारने सुट्या मोहरी तेलाच्या विक्रीवर बंदी आणली आणि त्याच वर्षी खाद्यतेल पाकीटबंद करण्याविषयीचा आदेश काढला. घाण्यावरून डबा भरून तेल आणण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर पडली. छोट्या घाणेवाल्यांना पाकिटांची यंत्रे परवडणारी नव्हती. त्याच सुमारास आयात तेलबिया आणि तेलांसाठी बाजार खुला होत होता. वंदना शिवा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या योगायोगावर उघड शंका घेतली आणि बंदीचा फायदा सोयाबीन तेलाच्या व्यापाराला झाला असे म्हटले. भेसळ मुद्दाम साथ घडवण्यासाठी केली गेली, हा त्यापुढचा आरोप सिद्ध झालेला नाही. पण भेसळ करणाऱ्यांच्या गुन्ह्याची किंमत प्रामाणिक घाणेवाल्यांनीही मोजली, ही तक्रार खोटी ठरवता येत नाही. गरीब गिऱ्हाईक रोज पाच-दहा रुपयांचे तेल सुटे घेत असे. त्याच्या खिशाचा विचार त्या आदेशात फारसा नव्हता.

२००० नंतरही ग्वाल्हेर, लखनौ यांसारख्या ठिकाणांहून साथींचे वैद्यकीय अहवाल आले. तिकडे पश्चिम आफ्रिकेतील माली देशात याच झाडाच्या पानांचा काढा मलेरियावर देऊन संशोधकांनी त्याच्या रीतसर चाचण्या घेतल्या. पान आणि बी यांची रसायने एक नसतात, आणि काढा व तेलही एक नसते. अशी चाचणी कोणत्याही जुन्या ग्रंथाच्या आधाराविना, त्या झाडाला नवखे मानूनच होते.

भारतात आज अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत खाद्यतेलांसाठी आर्जेमोन तेलाची चाचणी नकारात्मक आली पाहिजे अशी अट आहे. ती मोहरीपुरती नाही. शेंगदाणा आणि तीळ यांच्या तेलांनाही ती लागू होते. येथे कोणी कधी न पेरलेल्या एका झाडाचे लॅटिन नाव अशा रीतीने प्रत्येक तेल गिरणीच्या तपासणीच्या कागदावर येते.